फॉन्टचा पसारा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पत्रिका, फ्लेक्स, बिलबुकं, हँडबिलं अशी कामं करणाऱ्या जळगाव-धुळे-नंदुरबारकडच्या मंडळींकडून हे प्रश्न येत राहतात. बहुतेक वेळा लग्नसराई ऐन भरात असताना येतात, कारण एरवी फॉन्टकडे बघायला कुणाला सवड असते? घरी हौसेनं फॉन्ट जमवणाऱ्यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल. आपल्याकडच्या प्रेसमध्ये विंडोजच चालतं, म्हणून उत्तरं विंडोज धरून दिली आहेत. मॅक आणि लिनक्सचं पुढे थोडक्यात आहे.

माझ्याकडे चार-पाच हजार फॉन्ट जमलेत. सगळे इन्स्टॉल केले तर काय होईल?

कॉम्प्युटर बंद पडणार नाही, पण रोज रडवेल. विंडोज ९८च्या काळात साधारण हजाराच्या पुढे फॉन्ट गेले की यादीच फुटायची, कारण रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या नोंदवहीत, फॉन्टची नावं ठेवायला जागा ठरलेली होती. आता तशी मर्यादा नाही. तरी कोरल (पत्रिका, फ्लेक्सची मांडणी करायचं कोरलड्रॉ हे सॉफ्टवेअर) उघडताना प्रत्येक फॉन्टची नोंद वाचली जाते, यादीत प्रत्येक नावाचा नमुना काढला जातो, आणि गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना तुम्ही 'एस'पासून 'वाय'पर्यंत माउसचं चाक फिरवत बसता.

इन्स्टॉल केलेले दोन-तीनशे फॉन्ट पुरे झाले, असं माझं मत आहे. त्यातले रोज हाताखाली येणारे तीस-चाळीसच असतात, हे कुठल्याही प्रेसवाल्याला विचारा. बाकीचा संग्रह डिस्कवर फायलींच्या रूपात ठेवायचा, इन्स्टॉल करायचा नाही. संग्रह वेगळा आणि इन्स्टॉल केलेले फॉन्ट वेगळे, एवढं पक्कं झालं की पुढचे निम्मे प्रश्न पडतच नाहीत.

मग बाकीचे ठेवायचे कुठे आणि कसे लावायचे?

डी ड्राइव्हवर 'फॉन्ट' नावाचा एकच फोल्डर करा. डेस्कटॉपवर एक, डाउनलोडमध्ये एक, जुन्या पेनड्राइव्हवरून उतरवलेला 'न्यू फोल्डर २' आणखी एक, असं ठेवू नका.

आता आतली रचना. इंग्रजी फॉन्टवाले लोक दिसण्यावरून गट पाडतात : टोकदार पायांचे, बिनपायांचे, हस्ताक्षराचे, जाड शीर्षकाचे. त्यांचं बघून आपणही 'पत्रिकेचे', 'बॅनरचे', 'सुलेखन' असे फोल्डर करतो, आणि तिथेच सगळा घोळ सुरू होतो. मराठी संग्रहात पहिला गट पाडायचा तो एन्कोडिंगवरून, म्हणजे अक्षर फाइलमध्ये कुठल्या क्रमांकाखाली साठवलं जातं त्यावरून. वरच्या पातळीला युनिकोड (सगळीकडे एकच क्रमांक चालणारी आजची पद्धत) आणि श्रीलिपी, आयएसएम, कृतिदेव, आकृती, शिवाजी (आपापले क्रमांक वापरणाऱ्या जुन्या पद्धती) असे फोल्डर. प्रत्येकाच्या आत दिसण्यावरून हवे तेवढे गट करा. इंग्रजीचा फोल्डर वेगळा, उर्दू आणि गुजरातीचा वेगळा.

एन्कोडिंगचं एवढं काय? अक्षर छान दिसलं म्हणजे झालं ना?

छापील कागदावर झालं. फाइलमध्ये नाही.

एक उदाहरण घेऊ. कृतिदेवमध्ये 'मराठी' हा शब्द टाइप केला तर फाइलमध्ये प्रत्यक्षात साठतात ती रोमन अक्षरं : छोटा ई, जे, के, मग कॅपिटल बी, आणि एच. कृतिदेव फॉन्ट छोट्या ई-च्या जागी 'म'चं चित्र दाखवतो, जे-च्या जागी 'र'चं, के-च्या जागी काना, कॅपिटल बी-च्या जागी 'ठ' आणि एच-च्या जागी दुसरी वेलांटी. कॉम्प्युटरच्या लेखी तो मराठी शब्दच नाही. फॉन्ट बदलून श्रीलिपीतला लावला की त्याच पाच रोमन अक्षरांना भलतीच चित्रं मिळतात आणि मॅटरचा चिवडा होतो. एरियल लावला तर ती पाच रोमन अक्षरं उघडी पडतात.

युनिकोडमध्ये 'म'ला स्वतःचा क्रमांक आहे, तो कुठल्याही युनिकोड फॉन्टमध्ये तोच राहतो. १९९१ साली आलेल्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरीला त्यात जागा आहे. म्हणून मुक्ता या युनिकोड फॉन्टऐवजी बलू हा दुसरा लावला तर फक्त रूप बदलतं, मजकूर शाबूत राहतो.

तेव्हा 'पत्रिकेचे' या एकाच फोल्डरात श्रीलिपीचा एक, आयएसएमचा एक आणि युनिकोड एक असे शेजारी ठेवले, तर कुणीतरी घाईत एकाच्या जागी दुसरा लावणार आणि नवरीच्या मामाचं नाव फुटणार. प्रूफला पकडलं तर नशीब.

हातातला फॉन्ट युनिकोड आहे की जुना, हे ओळखायचं कसं?

फाइलवर डबल क्लिक करा. विंडोजची नमुन्याची खिडकी उघडते. जिथे इंग्रजी वाक्य दिसायला हवं तिथे देवनागरी अक्षरांची खिचडी दिसली, तर फॉन्ट जुना. इंग्रजी वाक्य नीट इंग्रजीत दिसलं, तर युनिकोड असण्याची शक्यता जास्त, पण तेवढ्यावर थांबू नका. वर्डमध्ये युनिकोड कीबोर्डनं 'शेतकरी' टाइप करा, निवडा आणि तो फॉन्ट लावा. रूप बदललं तर फॉन्टमध्ये युनिकोड देवनागरी आहे. रूप ढिम्म हललं नाही, म्हणजे विंडोजनं स्वतःचा निर्मला यूआय पुढे केला आणि तुमच्या फॉन्टमध्ये देवनागरी नाहीच.

नावावर विसंबू नका. मराठी नाव असलेले कितीतरी फॉन्ट जुन्या पद्धतीचे असतात.

श्रीलिपी, आयएसएम, कृतिदेव आता फेकून द्यायचे का?

मुळीच नाही. नवं काम युनिकोडमध्ये करा, जुने फॉन्ट जपून ठेवा. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी आणि पुण्याच्याच सी-डॅकची आयएसएम यांनी मराठी डीटीपी, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं लावायचं काम, उभं केलं. वीस-पंचवीस वर्षांचं काम त्या फॉन्टांत पडून आहे : संस्थांचे अहवाल, शाळांच्या स्मरणिका, अहिराणी कवितांचे संग्रह, रावेर-यावलकडच्या केळी व्यापाऱ्यांची बिलबुकं. त्यातलं पान पुन्हा छापायचं तर तोच फॉन्ट लागतो. पानं लावायचं जुनं सॉफ्टवेअर पेजमेकर, त्याची शेवटची मोठी आवृत्ती, ७.०, २००१ची. त्याला युनिकोड देवनागरी कळत नाही. म्हणजे पेजमेकरची फाइल जिवंत ठेवायची तर तिचा जुना फॉन्टही जिवंत ठेवावा लागतो. शिवाय बऱ्हाणपूर, सेंधवा, खेतियाकडून येणारा हिंदी मजकूर आजही कृतिदेवमध्ये येतो. सीमेला लागून धंदा करायचा तर तो ठेवावाच लागेल.

फक्त ते रोज इन्स्टॉल ठेवायची गरज नाही. जुनं काम उघडायचं तेव्हा तेवढा संच चालू करा, काम झालं की बंद.

जुना मजकूर युनिकोडमध्ये आणताना काय बघायचं?

कन्व्हर्टर फॉन्टनिहाय असतो, हे पहिलं. 'आयएसएमचा कन्व्हर्टर' एवढं म्हणून भागत नाही. डीव्ही-टीटी आणि डीव्हीबी-टीटी या दोन मालिकांतली अक्षरांची जागा वेगवेगळी आहे. योगेश नावाचा फॉन्ट दोन्हीत आहे, सुरेखही. नाव अर्धवट वाचून कन्व्हर्टर निवडला तर ऐंशी टक्के बरोबर आणि वीस टक्के चुकलेला मजकूर मिळतो, आणि तो पूर्ण चुकलेल्यापेक्षा वाईट, कारण वरवर वाचताना चूक सापडत नाही.

कन्व्हर्ट झाल्यावर चार ठिकाणी डोळे घाला : रफार योग्य अक्षरावर बसला का, पहिली वेलांटी अक्षराच्या पुढे-मागे सरकली का, 'ऱ्य' आणि 'ऱ्ह' आले का, आणि इंग्रजी शब्द किंवा फोन नंबर मराठीत तर बदलले नाहीत ना. पत्रिकेत ही शेवटची चूक हमखास होते.

फॉन्ट मॅनेजर घ्यावा का? कुठला?

हजाराच्या वर फॉन्ट असतील तर घ्यावाच. मॅनेजरचं खरं काम म्हणजे फॉन्ट इन्स्टॉल न करता तात्पुरता चालू करणं. यादीत टिक केली की कोरलमध्ये फॉन्ट हजर, टिक काढली की गायब. विंडोजचा फॉन्ट फोल्डर साफ राहतो.

नेक्सस-फॉन्ट विंडोजसाठी मोफत आहे, हलका आहे, जुन्या मशीनवरही चालतो. बऱ्याच काळात त्यात नवीन काही आलेलं नाही, पण येऊन करायचं काय, काम होतं. फॉन्टबेस विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतो, मूळ सोयी मोफत आहेत, दिसायला देखणा आहे, मात्र कमी रॅमच्या मशीनवर जड जातो. कोरलच्या एक्स ८पासून कोरल फॉन्ट मॅनेजर सोबतच येतो. तुम्ही दिवसभर कोरलमध्येच असाल तर आधी तोच वापरून बघा. पैसे मोजायची तयारी असेल तर मेनटाइप आहे, त्यात फॉन्टच्या आतली माहिती फार बारकाईनं दिसते.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. नेक्सस-फॉन्ट बंद केला की त्यानं चालू केलेले फॉन्टही बंद होतात, म्हणून तो टास्कबारवर राहू द्या. आणि पेनड्राइव्हवरचे फॉन्ट थेट चालू करू नका. कुणीतरी फोटो घ्यायला पेनड्राइव्ह काढतो आणि उघड्या फाइलमधली अक्षरं उडतात.

मॅनेजरमध्ये नमुना म्हणून कुठला मजकूर ठेवावा?

नुसतं 'अ आ इ ई' ठेवलं तर सगळेच फॉन्ट गुणी दिसतात. फॉन्टला अडचणीत आणणारी ओळ हवी. ही घ्या :

*कुऱ्ह्याच्या शेतकऱ्यानं ट्रॅक्टरचा हप्ता ₹ १,५८९ ॲपवरून भरला. श्रद्धा, उद्ध्वस्त, वाङ्मय, ज्ञान, लिंबू.*

'कुऱ्ह्याच्या' आणि 'शेतकऱ्यानं' यांत अर्धा ऱ आहे. हिंदी डोळ्यासमोर ठेवून केलेल्या काही फॉन्टांत तो धड जुळत नाही, पाय मोडलेला र दिसतो. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ आवृत्तीत आलं. त्याआधीच्या फॉन्टमध्ये तिथे डबा दिसेल. रुपयाचं चिन्ह २०१०चं, तोच प्रकार. 'ट्रॅ'वर चंद्र कुठे बसतो, 'उद्ध्वस्त'मधलं तिहेरी जोडाक्षर टिकतं की सुटं होतं, ५, ८ आणि ९ मराठी वळणाचे आहेत की हिंदी, हे सगळं एका नजरेत कळतं. अहिराणी गाणी, ओव्या छापत असाल तर ओढलेल्या स्वरासाठी एक अवग्रहही शेवटी जोडा.

ही ओळ जुन्या फॉन्टांना चालणार नाही. त्यांच्यासाठी त्या त्या पद्धतीत टाइप केलेली वेगळी ओळ प्रत्येक फोल्डरात टेक्स्ट फाइल म्हणून ठेवायची आणि मॅनेजरमध्ये चिकटवायची.

'ल' आणि 'श' हिंदीसारखे येतात. फॉन्ट खराब आहे का?

असेलच असं नाही. मराठी भाषा विभागाच्या नोव्हेंबर २०२२च्या शासन निर्णयात पाकळीयुक्त 'ल' आणि देठयुक्त 'श' सांगितले आहेत. नोटोसारख्या काही फॉन्टांत मराठी रूपं आत असतात, पण मजकुराची भाषा 'मराठी' अशी नेमल्याशिवाय बाहेर येत नाहीत. इनडिझाइनमध्ये कॅरेक्टर पॅनलमध्ये भाषा मराठी करा आणि परिच्छेदाला वर्ल्ड-रेडी कंपोझर लावा. जे सॉफ्टवेअर भाषेची ही खूण पाळत नाही, तिथे मराठीसाठीच वेगळा काढलेला फॉन्ट वापरणं सोपं. तिरो देवनागरीचे मराठी, हिंदी आणि संस्कृत असे तीन वेगळे फॉन्ट त्यासाठीच आहेत.

फॉन्ट इन्स्टॉल केला, वर्डमध्ये दिसतो, पण जुन्या सॉफ्टवेअरमध्ये दिसत नाही. "भो, हाऊ फॉन्ट कोठे गया?"

हा प्रश्न विंडोज १०ची १८०९ ही आवृत्ती आल्यापासून सुरू झाला. तेव्हापासून 'इन्स्टॉल' म्हटलं की फॉन्ट फक्त त्या युजरपुरता बसतो. तो सी ड्राइव्हच्या विंडोजमधल्या फॉन्ट्स फोल्डरात जात नाही, तुमच्या युजर फोल्डरच्या आत, ॲपडेटा, लोकल, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, फॉन्ट्स अशा वाटेनं खोल जाऊन बसतो. जुनी सॉफ्टवेअरं तिकडे बघत नाहीत. दुसऱ्या युजरनं लॉगिन केलं तर त्यालाही तो मिळत नाही.

उपाय साधा आहे. फाइलवर राइट क्लिक करून 'इन्स्टॉल फॉर ऑल युजर्स' निवडा. विंडोज ११मध्ये हा पर्याय आधी 'शो मोअर ऑप्शन्स'वर गेल्यावर दिसू शकतो. आणि सॉफ्टवेअर एकदा बंद करून उघडा.

फॉरमॅट करण्याआधी विंडोजचा फॉन्ट्स फोल्डर कॉपी करून घेतला. पुरेल ना?

वरचं उत्तर वाचलंत तर लक्षात येईल की नाही पुरणार. युजरपुरते बसलेले फॉन्ट मागे राहतात. फॉरमॅट झाल्यावर ते गेले ते गेले. दोन्ही ठिकाणं कॉपी करा. त्याहून बरं म्हणजे डी ड्राइव्हवरचा मूळ संग्रहच खरा धरा आणि फॉन्ट्स फोल्डर ही त्याची तात्पुरती नक्कल समजा.

एकच फॉन्ट चार-चारदा सापडतो. कुठला ठेवू?

आधी बघा की खरोखर एकच आहे का. फाइलचं नाव आणि फॉन्टचं आतलं नाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फाइलचं नाव कुणीही बदलतं, कोरलच्या यादीत दिसतं ते आतलं. म्हणून नावावरून जुळवाजुळव करू नका. डुपगुरू नावाचं मोफत सॉफ्टवेअर फायलींचा आतला मजकूर पडताळून अगदी तंतोतंत सारख्या फायली दाखवतं. त्यातली एक ठेवून बाकीच्या बिनधास्त उडवा.

नाव तेच पण फाइल वेगळी असेल, तर आवृत्ती वेगळी आहे. इथे घाई नको. नव्या आवृत्तीत अक्षरांमधलं अंतर केसभर बदललेलं असतं. त्यानं काय होतं, ते असं : पत्रिकेत 'आपले विनम्र' खाली घरातली सोळा-सतरा नावं दोन रांगांत मोजून बसवलेली असतात. आवृत्ती बदलली की एका ओळीतलं शेवटचं आडनाव खाली घसरतं, त्यामागून सगळी रांग घसरते, आणि 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं' हा मजकूर पानाबाहेर जातो. खानदेशात नावं गाळली की काय होतं ते वेगळं सांगायला नको. तेव्हा जुन्या कामात वापरलेली आवृत्ती त्या कामाच्या फोल्डरातच ठेवून द्या, आणि संग्रहात नवी ठेवा. दोन्ही एकाच वेळी चालू करू नका, नाहीतर सॉफ्टवेअर कुठली उचलेल याचा नेम नाही.

टीटीएफ आणि ओटीएफ दोन्ही असतील तर मराठीसाठी कुठलंही चालतं, एक ठेवा. पीएफबी, पीएफएम अशा फायली म्हणजे टाइप १ फॉन्ट. अडोबीनं जानेवारी २०२३मध्ये त्यांचा आधार काढून घेतला. जुन्या कामापुरते बाजूला काढून ठेवा. वॉफ फायली वेबसाइटसाठी असतात, इथे त्यांचं काम नाही.

गिऱ्हाइकाची फाइल उघडली की फॉन्ट फुटतो. काय करावं?

कोरल विचारतं की अमुक फॉन्ट नाही, त्याऐवजी कुठला लावू. तिथे ओके दाबायची घाई करू नका. गहाळ फॉन्टचं नाव लिहून घ्या, फाइल सेव्ह न करता बंद करा, फॉन्ट चालू करा, मग पुन्हा उघडा. कायमचा बदल करून सेव्ह केलं तर मूळ फॉन्ट कुठला होता हेही कळायला मार्ग राहत नाही.

बाहेर फाइल पाठवताना पीडीएफ करा आणि रीडरमध्ये प्रॉपर्टीजमधल्या 'फॉन्ट्स' टॅबवर जाऊन प्रत्येक नावापुढे 'एम्बेडेड' (म्हणजे फॉन्ट फाइलमध्येच बसवलेला) असल्याची खात्री करा. फ्लेक्सवाल्याला फाइल द्यायची असेल तर कंट्रोल-क्यू दाबून कर्व्ह करून द्या, म्हणजे अक्षरांची नुसती चित्रं होतात आणि फॉन्ट लागत नाही. कर्व्ह केलेली प्रत वेगळ्या नावानं सेव्ह करायची, हे इतक्यांदा सांगून झालंय की आता दुकानात पाटीच लावावी म्हणतो. कर्व्ह झालेल्या मजकुरात तारीख बदलता येत नाही, आणि खानदेशात तारीख बदलतेच.

चांगले मोफत मराठी युनिकोड फॉन्ट सांगा ना.

सुरुवातीला एवढे पुरेत. मजकुरासाठी मुक्ता, त्याची सात वजनं आहेत, बिलबुकापासून पुस्तकापर्यंत कुठेही बसतो. शीर्षकाला बलू २. फ्लेक्सवर लांबून वाचायला अनेक देवनागरी, तो व्हेरिएबल फॉन्ट आहे, म्हणजे एकाच फाइलमध्ये जाडी आणि रुंदी दोन्ही हवी तशी ओढता येते. कोरलला व्हेरिएबल फॉन्ट २०२०च्या आवृत्तीपासून कळतात. हे तिन्ही मुंबईच्या एक टाइपचे. पुस्तकी वळणाला तिरो देवनागरी मराठी, संस्कृत श्लोकांना आयआयटी मुंबईचा शोभिका. राज्य मराठी विकास संस्थेचे यशोमुद्रा आणि यशोवेणूही संग्रहात असायलाच हवेत. पत्रिकेच्या नक्षीदार कामाला मात्र मोफत युनिकोडमध्ये अजून श्रीलिपीइतकी विविधता नाही, हे मान्य करायला हवं.

पेनड्राइव्हवर कुणीतरी दहा हजार फॉन्ट दिले. वापरू का?

दहा हजारांतले आठ हजार इंग्रजी, त्यातले निम्मे दुसऱ्यांच्या नकला, आणि बरेच विकत घ्यायचे फॉन्ट फुकट फिरवलेले. तो ढीग घरात आणला की आवरायला तुम्हीच. एसआयएलच्या ओपन फॉन्ट लायसन्सखालचे फॉन्ट धंद्याच्या कामात मोकळेपणानं वापरता येतात, वाटताही येतात, फक्त तो फॉन्ट सुटा विकता येत नाही. 'पर्सनल यूज' लिहिलेला फॉन्ट पैसे घेऊन केलेल्या पत्रिकेत चालत नाही. प्रत्येक फॉन्टच्या फोल्डरात त्याची लायसन्सची टेक्स्ट फाइल राहू द्या, ती डिलीट करून जागा वाचत नाही.

फॉन्टमधून व्हायरस येतो का?

येऊ शकतो. २०११मध्ये डुक्यू नावाचा प्रकार ट्रूटाइप फॉन्टच्या वाटेनंच विंडोजमध्ये शिरत होता. विंडोज अपडेट बंद करून ठेवू नका. 'फॉन्ट पॅक' म्हणून ईएक्सई फाइल मिळाली तर ती उघडायचीच नाही.

सकाळी मशीन चालू केलं तर सगळीकडे डबे किंवा वेडीवाकडी अक्षरं. काय झालं?

बहुधा फॉन्ट कॅश, म्हणजे फॉन्ट पटकन दाखवायला विंडोजनं साठवलेली माहिती, बिघडली. उन्हाळ्यात लाइट अचानक जाते आणि यूपीएसची बॅटरी मेलेली असते, तेव्हा हे होतं. सर्व्हिसेसमध्ये जाऊन 'विंडोज फॉन्ट कॅश सर्व्हिस' थांबवा, विंडोजच्या सर्व्हिस-प्रोफाइल्स, लोकल-सर्व्हिस, ॲपडेटा, लोकल या वाटेवरच्या फॉन्ट-कॅश फोल्डरातल्या फायली उडवा, मशीन पुन्हा सुरू करा. विंडोज कॅश नव्यानं बांधून घेतं. तुमचे फॉन्ट त्यानं जात नाहीत.

जुन्या वर्ड फाइलमधला मंगल नव्या मशीनवर नाही.

विंडोज १०पासून मंगल, कोकिळा, अपराजिता आणि उत्साह हे फॉन्ट जादा संचात टाकले आहेत. सेटिंग्जमध्ये ऑप्शनल फीचर्समधून 'देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स' घ्या. नेटवरून शोधून आणायची गरज नाही.

उर्दू आणि गुजरातीची कामंही येतात. तेही याच संग्रहात?

भुसावळ, जळगाव, धुळ्यात उर्दू पत्रिका आणि नवापूर-नंदुरबारकडे गुजराती बिलबुकं येणारच. गुजरातीचं गणित मराठीसारखंच, युनिकोड आणि जुने वेगळे ठेवा. उर्दूत इनपेज या उर्दू टायपिंगच्या सॉफ्टवेअरमधल्या नूरी नस्तालीक फॉन्टला हात लावू नका. त्यातली जोडरूपं अनेक फायलींत वाटून ठेवलेली असतात, त्या सुट्या वापरायच्या नसतात, आणि सफाई करताना 'सारख्याच दिसतात' म्हणून उडवल्या तर इनपेज आंधळं होतं. कोरलमध्ये थेट उर्दू टाइप करायला नोटो नस्तालीक उर्दू घ्या.

मॅक आणि लिनक्सवर?

मॅकवर फॉन्ट बुक आधीपासून असतो. त्यात कलेक्शन करा, 'व्हॅलिडेट'नं बिघडलेले फॉन्ट शोधा, एवढं बस. लिनक्सवर घरच्या फोल्डरातल्या लपलेल्या लोकल, शेअर, फॉन्ट्स या वाटेवर फायली टाका आणि एफसी-कॅश चालवा. पुढे एफसी-लिस्टला भाषेची खूण देऊन मराठीचे तेवढे फॉन्ट गाळून घेता येतात. विंडोजमध्ये ही सोय असती तर किती बरं झालं असतं.

बॅकअप कुठे घ्यावा?

एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर, एक क्लाउडवर. जुन्या फॉन्टची फाइल पन्नास-शंभर केबीची, युनिकोडची काहीशे केबीची, त्यामुळे मोठा संग्रहही सहज मावतो. क्लाउडच्या फोल्डरातूनच फॉन्ट चालू करणार असाल, तर त्या फोल्डरला 'नेहमी या मशीनवर ठेवा' अशी खूण करा. नाहीतर फाइल नावापुरती दिसते, प्रत्यक्षात नेटवर असते, आणि नेट गेलं की फॉन्टही गेला. हार्ड डिस्क मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत ठेवू नका.

गिऱ्हाइकाला फॉन्ट दाखवायला काय करावं? यादीतली नावं त्याला कळत नाहीत.

श्री-देव-०७१४ या नावावरून आपल्यालाही अक्षर डोळ्यासमोर येत नाही, तर त्याला कुठून येणार? नमुना वही करा. ए-फोर पानावर दहा-बारा फॉन्ट, प्रत्येकात तोच मजकूर, तोच आकार : पत्रिकेसाठी 'शुभविवाह' आणि एक आडनाव, दुकानाच्या पाटीसाठी दुकानाचं नाव. प्रत्येक ओळीखाली बारीक अक्षरात फॉन्टचं नाव आणि तो कुठल्या फोल्डरात आहे ते. युनिकोडची पानं एका रंगाच्या कागदावर, जुन्या फॉन्टची दुसऱ्या, म्हणजे गिऱ्हाइकानं बोट ठेवल्याबरोबर तुम्हाला कळेल की मॅटर कशात टाइप करायचं. नवा फॉन्ट घेतला की त्याच दिवशी वहीत पान घाला.

शेवटचं, कुठले फॉन्ट कधीच डिलीट करायचे नाहीत?

निर्मला यूआय, सेगो यूआय, टाहोमा, एरियल आणि मार्लेट. निर्मला गेला तर विंडोजभर मराठीच्या जागी डबे दिसतील, मार्लेट गेला तर खिडकी बंद करायच्या फुलीसारखी चिन्हं बिघडू शकतात. फॉन्ट्स फोल्डरात ज्या फाइलबद्दल शंका असेल ती राहू द्या, सफाई तुमच्या डी ड्राइव्हवर करा.